गावच्या फोनची हमी आणि तिचे बिल

२७ जुलै २०२२ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने मोबाइलची रेंज न पोहोचलेल्या २४,६८० गावांत फोर-जी सेवा देण्यासाठी २६,३१६ कोटी रुपये मंजूर केले. ज्या ६,२७९ गावांत टू-जी किंवा थ्री-जीच होते, तिथली सेवा वाढवण्याचे कामही त्याच रकमेत धरले होते. त्याआधी आठ महिने, महाराष्ट्रासह पाच राज्यांतल्या ४४ आकांक्षित जिल्ह्यांमधील ७,२८७ गावांसाठी ६,४६६ कोटी मंजूर झाले होते. ढोबळ भागाकार केला तर २०२२ च्या योजनेत गावामागे सुमारे ८५ लाख आणि आधीच्या योजनेत सुमारे ८९ लाख रुपये पडतात. दोन्ही आकड्यांत पाच वर्षांचा चालू खर्च धरलेला आहे. ही रक्कम वाजवी की अवाच्या सवा, ती कोणाच्या खिशातून यावी आणि तिच्या बदल्यात गावाला नेमके काय मिळायला हवे, हा वाद भारतापुरता नाही आणि आजचाही नाही. या वादाचा बहुतेक भाग फोन गावापर्यंत नेण्याच्या खर्चाभोवती झाला आहे. हमीचा खरा भार मात्र तो फोन वर्षानुवर्षे चालू ठेवण्यात असतो, आणि तो कोणी किती काळ उचलायचा हे ठरल्याशिवाय पुढे केलेला कोणताही आकडा अर्धाच असतो. आजवरचा हिशेब तपासला की हे दिसू लागते.

मक्तेदारीतला न दिसणारा खर्च

जिथे फोनची एकच कंपनी किंवा एकच सरकारी खाते होते, तिथे खेड्यातल्या फोनचा खर्च वेगळा मांडायची गरजच पडली नाही. लांब पल्ल्याचे कॉल महाग ठेवायचे, शहरातल्या धंदेवाल्यांकडून जास्त घ्यायचे आणि त्यातून घरगुती व ग्रामीण फोनचे भाडे कमी ठेवायचे, ही रीत बहुतेक देशांत होती. अमेरिकेने १९३४ च्या कायद्यात सर्वांना वाजवी दरात सेवा देण्याचे तत्त्व घातले आणि १९४९ पासून ग्रामीण टेलिफोन सहकारी संस्थांना स्वस्त कर्जे दिली. भारतात ट्रंक कॉल, मग एसटीडी आणि परदेशी कॉल यांच्या उत्पन्नावर स्थानिक सेवा पोसली जात होती. या पद्धतीचा गुण म्हणजे ती सोपी होती. दोष असा की गावातला एक फोन खात्याला किती रुपयांना पडतो, हे खात्यालाही धड सांगता येत नव्हते.

तरी तंत्रज्ञानाच्या निवडीत खर्चाचा विचार डोकावत होताच. ऑगस्ट १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेने १२८ लाइनचे ग्रामीण एक्स्चेंज बनवले आणि १९८६ मध्ये ते कर्नाटकातल्या कित्तूरला बसले. वातानुकूलन नसतानाही ते धुळीत, उन्हात चालत असे, हे त्याचे खरे वैशिष्ट्य. ज्या गावात वीजच बेभरवशाची, तिथे एसीवर चालणारे एक्स्चेंज विकत घेणे सोपे होते. ते चालू ठेवणे अशक्य होते. सी-डॉटच्या अभियंत्यांना जे उमगले होते, ते पुढच्या धोरणकर्त्यांना नेहमीच उमगले असे नाही.

१९९४ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणाने १९९७ पर्यंत प्रत्येक गावात फोन नेण्याचे ठरवले. त्यासाठी मार नावाची रेडिओ यंत्रणा मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. तिच्या एका प्रचलित प्रकारात पंधरा गावांतले फोन एका केंद्राला जोडलेले असत आणि त्या सगळ्यांत मिळून चॅनेल दोनच. दोन गावांत कोणी बोलत असेल तर उरलेल्या तेरा गावांनी थांबायचे. उंच खांबावर अँटेना, शेजारी सौर पॅनेल, खाली बॅटरी. बॅटरी बसली की फोन मुका. दुरुस्तीचा माणूस तालुक्याहून येईपर्यंत दिवस जात. कागदावर मात्र ते गाव ‘जोडलेले’ राहायचे. मुदत १९९७ ची २००२ वर गेली. पुढे या यंत्रणेवरचे सुमारे १ लाख ८५ हजार सार्वजनिक फोन बदलून दुसऱ्या तंत्राचे बसवावे लागले. एकाच गावाला फोन देण्याचा खर्च दोनदा झाला, आणि पहिल्या खेपेचा आकडा ‘पोहोचवण्याचा खर्च’ म्हणून आधीच जमा धरला गेला होता.

निव्वळ खर्च काढायचा कसा?

स्पर्धा आल्यावर हा खर्च झाकून ठेवता येईना. नव्या कंपन्या फायद्याच्या शहरांत शिरल्या, त्यामुळे जुन्या कंपनीचा आतल्या आत भरपाई करण्याचा मार्ग बंद झाला. तेव्हा जगभरच्या नियामकांनी एक सूत्र स्वीकारले. सेवेचे बंधन नसते तर कंपनीने जो खर्च टाळला असता तो घ्यायचा आणि त्यातून त्याच ग्राहकांमुळे मिळणारे उत्पन्न वजा करायचे. सूत्र सरळ दिसते. गोंधळ वजाबाकीत होतो. मुंबईतला चाकरमानी कोकणातल्या घरी फोन करतो तेव्हा बिल मुंबईच्या खात्यावर पडते, पण तो कॉल होतो गावात फोन आहे म्हणून. ते उत्पन्न गावाच्या नावावर टाकायचे की मुंबईच्या? गावाच्या नावावर टाकले तर तोट्यातली कितीतरी गावे एकाएकी कमी तोट्याची ठरतात.

ऑस्ट्रेलियात टेल्स्ट्रा या जुन्या दूरसंचार कंपनीने १९९७-९८ सालासाठी सुमारे १.८ अब्ज डॉलरचा दावा केला. सरकारने मर्यादा घातली ती २५ कोटींच्या आसपास. ब्रिटनच्या ऑफटेल या दूरसंचार नियामकाने नव्वदच्या दशकात वेगळाच निष्कर्ष काढला. सर्वत्र पोहोचलेली कंपनी म्हणून बीटीला (ब्रिटिश टेलिकॉमला) मिळणारे नाव आणि पुढे ग्राहक टिकण्याची शक्यता यांचा फायदा ग्रामीण सेवेच्या खर्चाला पुरून उरतो, म्हणून वेगळा निधी नको, असा तो होता. भारतात हाच प्रश्न ‘अ‍ॅक्सेस डेफिसिट चार्ज’च्या रूपाने आला. स्थिर फोनची तूट भरून काढण्यासाठी इतर कंपन्यांच्या कॉलवर बसवलेला हा आकार. जानेवारी २००३ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायने ही तूट सुमारे १३,००० कोटी धरली. ऑक्टोबरमध्ये तीच ५,३०० कोटींच्या घरात आली. मधल्या नऊ महिन्यांत गावातला एकही खांब हलला नव्हता, बदलली होती ती मोजायची रीत.

सरकारी कंपनी बीएसएनएलची बाजू अशी होती की खासगी कंपन्यांनी परवान्यातली गावांची अट पाळण्याऐवजी दंड भरणे पसंत केले, गावे आमच्याच गळ्यात राहिली, मग भरपाईही आम्हालाच हवी. खासगी कंपन्या म्हणत की मोबाइलचा गरीब ग्राहक एका अवाढव्य संस्थेची अकार्यक्षमता पोसतो आहे. दोन्ही म्हणण्यांत तथ्य होते. बीएसएनएलच्या खर्चात तिच्या नोकरभरतीचा इतिहास मिसळलेला होता, आणि खासगी कंपन्यांच्या नफ्यात न गाठलेल्या गावांची बचत. २००८ मध्ये हा आकार गेला आणि त्याच्या जागी बीएसएनएलच्या ग्रामीण स्थिर फोनसाठी तीन वर्षे दरसाल २,००० कोटींचे साहाय्य आले. तीनच वर्षे का, चौथ्या वर्षी गावातली केबल आपोआप दुरुस्त होणार होती का, याचे सरळ उत्तर त्या व्यवस्थेत नव्हते.

निधी आणि उलटा लिलाव

दुसरी वाट निधीची. सर्व कंपन्यांकडून ठरावीक टक्का घ्यायचा आणि सर्वांत कमी अनुदान मागेल त्याला काम द्यायचे. चिलीने १९९४ मध्ये असा निधी काढला आणि खेड्यांतले सार्वजनिक फोन लिलावाने वाटले, तेव्हा काही भागांसाठी शून्य अनुदानाच्या बोली आल्या. पेरूने कंपन्यांच्या उत्पन्नावर एक टक्का आकारला. भारतात सार्वत्रिक सेवा बंधन निधी १ एप्रिल २००२ पासून लागू झाला, पुढच्या वर्षी त्याला कायद्याचे बळ मिळाले आणि कंपन्यांच्या समायोजित उत्पन्नावर पाच टक्के आकारणी बसली. सुरुवातीच्या कायद्यात त्यातून मोबाइल सेवेला साहाय्य देता येत नव्हते. ती सोय २००६ मध्ये झाली. तोवर शहरांत मोबाइलचा पूर आलेला होता.

२००७ मध्ये ८१ विभागांत सामाईक मोबाइल टॉवरसाठी बोली मागवली गेली. टॉवर उभारणाऱ्याने जागा द्यायची, तीन कंपन्यांनी तिथून सेवा द्यायची, अशी रचना. सेवा देण्याच्या भागासाठी अनेक ठिकाणी शून्य, काही ठिकाणी तर उणे बोली आल्या. म्हणजे कंपन्या उलट पैसे द्यायला तयार होत्या. लिलावाच्या पुरस्कर्त्यांना यात सरकारी अंदाज फुगवलेले असल्याचा पुरावा दिसला. टीकाकारांच्या मते कंपन्या त्या गावांसाठी नव्हे, तर आयते टॉवर आणि पुढची बाजारपेठ यांसाठी बोली लावत होत्या. त्यातून सात हजारांहून जास्त टॉवर उभे राहिले, हे यश लहान नाही. साहाय्याची मुदत मात्र इथेही पाचच वर्षांची. लिलाव उभारणीचा खर्च खाली आणतो, हे या अनुभवातून पुरेसे सिद्ध होते. साहाय्य संपल्यावर सेवा राहील की नाही, हे मात्र बोलीच्या आकड्यात कुठेच येत नाही.

निधीवरचा मोठा आक्षेप वेगळा आहे. आकारणीचे पैसे थेट निधीत पडत नाहीत. ते भारताच्या संचित निधीत जातात आणि संसदेच्या मंजुरीने बाहेर येतात. वर्षानुवर्षे जमा आणि खर्च यांत मोठी तफावत राहिली. पैसे वापरले जात नसतील तर आकारणी कमी करा, ही कंपन्यांची जुनी मागणी, आणि जानेवारी २०१५ मध्ये ट्रायनेही पाचऐवजी तीन टक्क्यांची शिफारस केली होती. २०२३ च्या दूरसंचार कायद्याने निधीचे नाव ‘डिजिटल भारत निधी’ झाले. अमेरिकेत दुखणे नेमके उलटे आहे. तिथे निधी भरता ठेवणेच कठीण होत जाते, कारण आकारणी जुन्या प्रकारच्या कॉलवरच बसते. तो पाया आक्रसत गेल्याने अलीकडे दर तीस टक्क्यांच्या वर गेला. त्या निधीची घटनात्मकता सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि जून २०२५ मध्ये सहा विरुद्ध तीन मतांनी टिकली.

बाजाराने केले तेवढे पुरे नाही का?

हा प्रश्न टाळून पुढे जाता येत नाही. १९९९ च्या धोरणाच्या वेळी ग्रामीण भारतात शंभर माणसांमागे अर्धा फोनही नव्हता. २०१० पर्यंत ते प्रमाण चारावर नेण्याचे उद्दिष्ट होते. आज ग्रामीण प्रमाण साठच्या किंचित खाली आहे. एवढी झेप निधीने घेतलेली नाही, स्वस्त मोबाइल आणि स्पर्धेने घेतली, हे मान्यच करायला हवे. विकास अर्थशास्त्रात यासाठी दोन दऱ्यांची कल्पना वापरतात. एक दरी धोरणातले अडथळे काढले की बाजार स्वतः भरतो, दुसरी कितीही मोकळीक दिली तरी भरत नाही. पहिली दरी आपल्या कल्पनेपेक्षा फार मोठी निघाली आणि सरकारी पैशाशिवाय बुजली. शहरी प्रमाण सव्वाशेच्या पुढे असल्याने ग्रामीण साठाचे महत्त्व कमी होत नाही, पण त्यातली बरीच शहरी संख्या एकाच माणसाच्या दोन सिमकार्डांची आहे, हेही खरे.

राहते ती दुसरी दरी. ती सगळ्या ‘ग्रामीण भारता’ची नाही, सातपुड्यातले धडगाव-अक्कलकुवा, मेळघाट, गडचिरोलीतले भामरागड-एटापल्ली अशा तुकड्यांची आहे. इथे सरासरीला अर्थ नसतो. उरलेले प्रत्येक गाव आधीच्यापेक्षा महाग पडते, म्हणूनच गावामागे ८५ लाखांचा आकडा देशभरच्या खेड्यांना लावणे चुकीचे ठरेल. तो शिल्लक गावांचा भाव आहे.

टॉवर उभा राहिल्यानंतर

डोंगराळ तालुक्यातला टॉवर जवळून पाहिला तर खर्चाची घडण समजते. पायथ्याशी बॅटऱ्यांची रांग, शेजारी डिझेल जनरेटर, वर लगतच्या टॉवरकडे तोंड केलेली मायक्रोवेव्हची थाळी. वीज गेली की बॅटऱ्या काही तास ओढतात, मग डिझेल लागते. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. डिझेल पोहोचत नाही आणि तंत्रज्ञही. फायबर असेल तर रस्त्याच्या कामाचा जेसीबी ती तोडतो, आणि ज्याने तोडली तो ठेकेदार सहसा जोडून देत नाही. मायक्रोवेव्ह किंवा फायबर काहीच पोहोचत नसेल तर उपग्रहाची जोडणी लागते. तिची क्षमता कमी आणि भाडे जास्त. गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी टॉवर जाळल्याच्या घटना झाल्या आहेत, तो धोका आणखी वेगळा. हा सगळा खर्च टॉवरवरून दहा माणसे बोलली काय आणि हजार बोलली काय, जवळपास तेवढाच. उत्पन्न मात्र माणसांच्या संख्येवर. समजा, चारशे वस्तीच्या पाड्यावर दोनशे सिमकार्डे आहेत आणि प्रत्येकाचे महिन्याला दीडशे रुपये येतात. तर तीस हजारांत डिझेल, देखभाल, जागेचे भाडे, राखणदार आणि पुढची जोडणी बसवायची. शिवाय सुगीनंतर ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला गेलेल्या कुटुंबांचे रिचार्ज त्या महिन्यांत या टॉवरवर नसते.

उभारण्यापेक्षा चालू ठेवणे कठीण, या मुद्द्याचा सर्वांत ठळक पुरावा भारतनेटचा. २०११ मध्ये अडीच लाख ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना सुमारे २०,००० कोटींची होती. २०१७ मध्ये ४२,०६८ कोटींची मंजुरी आली. ऑगस्ट २०२३ च्या सुधारित कार्यक्रमाचा आकडा १,३९,५७९ कोटी आहे. हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून ‘खर्च सातपट झाला’ म्हणणे सोयीचे, पण न्याय्य नाही. व्याप्ती वाढली आहे, पंचायतीपलीकडची गावे आणि घरे त्यात आली आहेत. मात्र नव्या आराखड्यात दोन गोष्टी मुद्दाम आल्या आहेत. एक, फायबर वलयाकार टाकायची, म्हणजे एका जागी तुटली तरी दुसऱ्या बाजूने सेवा चालू राहील. दोन, बांधणाऱ्यानेच दहा वर्षे देखभाल करायची. पंचायतीच्या कपाटात बंद पडलेल्या यंत्रांनी शिकवलेला हा धडा आहे. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम राज्यानेच ‘महानेट’ म्हणून हाती घेतले, तिथेही फायबर टाकण्यापेक्षा ती जिवंत ठेवणेच कठीण गेले.

आक्षेप आणि त्यांचे वजन

पहिला आक्षेप फायद्याचा: फोनने गावाचे उत्पन्न खरेच वाढते का? रॉबर्ट जेन्सन यांच्या २००७ च्या अभ्यासात केरळच्या किनाऱ्यावर मोबाइल आल्यावर बंदराबंदरांतला मासळीच्या भावाचा फरक घटला, मच्छीमारांचा नफा सुमारे आठ टक्क्यांनी वाढला आणि ग्राहकाला मासळी चार टक्क्यांनी स्वस्त पडली. हा अभ्यास वर्षानुवर्षे उद्धृत होतो. नंतरच्या संशोधकांनी त्यातल्या गृहीतकांवर प्रश्नही उभे केले. महाराष्ट्रातला पुरावा जास्त सावध करणारा आहे. फाफशॉम्प आणि मिंटन यांनी राज्यातल्या शंभर गावांत एसएमएसने बाजारभाव आणि हवामान कळवण्याचा प्रयोग तपासला. शेतकऱ्याला मिळालेल्या भावात ठोस फरक आढळला नाही. भाव कळणे आणि तो मिळवण्याची ताकद असणे यांत व्यापारी, वाहतूक आणि उधारी उभी असते. म्हणून फोनच्या हमीचे समर्थन उत्पन्नवाढीच्या मोठ्या आकड्यांवर टेकवणे धोक्याचे वाटते.

पण त्यातून ‘आधी पाणी, मग फोन’ हा निष्कर्षही निघत नाही. कारण सरकारने स्वतःच फोनला पर्याय ठेवलेला नाही. रेशनच्या दुकानात ई-पॉस यंत्रावर अंगठा लागायला नेटवर्क लागते. १ जानेवारी २०२३ पासून रोजगार हमीच्या मजुरांची हजेरी मोबाइल अ‍ॅपवर फोटो काढून लावणे सक्तीचे झाले. रेंज नसेल तर धान्य आणि मजुरी दोन्ही अडतात. सेवा देण्याच्या अटी नेटवर्कला बांधल्या, तर नेटवर्कचा खर्च हा त्या सेवांचाच खर्च धरायला हवा. पाण्याशी त्याची तुलना करायची तर रेशनचीही करावी लागेल.

दुसरा आक्षेप उपग्रहाचा. उपग्रहावरून इंटरनेट देणाऱ्या स्टारलिंकला जून २०२५ मध्ये भारताचा परवाना मिळाला. मग डोंगरात टॉवर कशाला? उपग्रह पिछाडीच्या जोडणीचा, म्हणजे टॉवरला बाकीच्या जाळ्याशी जोडण्याचा, प्रश्न खरोखर हलका करू शकतो. मात्र ग्राहकाच्या छपरावरची थाळी आणि तिचे मासिक शुल्क दीडशे रुपयांच्या रिचार्जवाल्या घराला परवडणारे नाही. गावच्या सामाईक टॉवरला उपग्रहाने जोडणे ही मधली वाट जास्त संभवते, आणि तिच्यातही डिझेल, बॅटरी, राखणदार राहतातच. तिसरा आक्षेप प्रस्तावाच्या रूपातला, पैसे कंपनीऐवजी माणसाला देण्याचा. जिथे सेवा आहे पण परवडत नाही, तिथे तो निश्चितच सरस. जिथे टॉवरच नाही, तिथे हातात कूपन देऊन उपयोग नाही.

अजून न सुटलेले

आकारणी कोणावर बसवायची हे मोकळेच आहे. कॉल आता व्हॉट्सअ‍ॅपसारख्या सेवांवरून जातात, आणि त्यांनीही वाटा उचलावा असे दूरसंचार कंपन्या म्हणतात. त्या सेवा म्हणतात की आमच्यामुळेच डेटा विकला जातो. या भांडणात दोन्ही बाजूंना पुरावे आहेत, निकाल नाही.

त्याहून मूलभूत अडचण हमी मोजायच्या एककाची. ट्रायच्या २०२४ च्या नियमांनी कंपन्यांना रेंजचे नकाशे प्रसिद्ध करायला लावले आणि सेवा चोवीस तासांहून जास्त बंद राहिली तर ग्राहकाला भरपाई द्यायला लावली, ही पुढची पायरीच आहे. पण भरपाईसाठी खंड जिल्हापातळीवरचा लागतो. तोरणमाळच्या पठाराखालचा एक पाडा आठवडाभर मुका राहिला तरी नंदुरबार जिल्ह्याची सेवा चालूच धरली जाते. तेव्हा एक टॉवर, एक महिना, किती तास चालू, एवढी नोंद सार्वजनिक झाली आणि अनुदानाचा हप्ता तिला बांधला, तर निदान पैसे कशासाठी देतो हे ठरेल. त्यावरचा आक्षेप खरा आहे की अशा अटींनी बोली महाग होतील. होतील, आजच्या स्वस्त बोलीत जो खर्च दिसत नाही, तो तेव्हा दिसेल.

आणि २०२१-२२ च्या योजनांतला चालू खर्च पाच वर्षांचाच आहे. सेवा सुरू झाल्यापासून ती मुदत धरली तरी हजारो टॉवरांचे साहाय्य या दशकाच्या शेवटी-शेवटी संपत जाईल. त्यानंतरचे डिझेल बीएसएनएलच्या ताळेबंदातून येणार, डिजिटल भारत निधीतून येणार की राज्यांकडून, यावर निर्णय व्हायचा आहे.